आधी गिअरबॉक्सला विचार

प्रिय मैत्रिणीस,

तुझी मेल वाचली. प्रश्न एका ओळीचा आहे: "काका, माझ्या गाडीचं स्टॉक इंजिन किती एचपी झेपवेल?" स्टॉक म्हणजे कारखान्यातून आलं तसं. उत्तर एका ओळीत बसणार नाही, कारण प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारलायस. तुझी गाडी १.५ टीएसआय (फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन), सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). कंपनीचे आकडे १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. रीमॅपवाल्याने (इंजिनचं सॉफ्टवेअर, म्हणजे मॅप, बदलून देणाऱ्याने) कोटेशनमध्ये लिहून दिलेत १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर. तुझी नजर १९० वर आहे, माझी ३२० वर. (एचपी म्हण नाहीतर पीएस म्हण, फरक दीड टक्क्याच्या आतला आहे. त्यावरून लोक उगाच भांडतात.)

तुझ्या गिअरबॉक्सचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. २००८ साली आला. विषम गिअर एका क्लचवर, सम गिअर दुसऱ्यावर, आणि दोन्ही क्लच कोरडे. त्याची ठरवून दिलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडतानाच तुझी गाडी त्या रेघेवर उभी होती. त्याआधीचा, २००३ चा डीक्यू२५० सहा गिअरचा; त्याचे क्लच तेलात बुडालेले, मर्यादा ३५० न्यूटन-मीटर. त्यात साडेसहा लिटर तेल लागायचं. तुझ्यात जेमतेम १.७ लिटर, तेही गिअर आणि बेअरिंगांसाठी. क्लचची उष्णता वाहून न्यायला तेल नाही, फक्त आजूबाजूची हवा. हिंजवडीच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडत, सरपटत पुढे जाताना ते क्लच किती तापत असतील याचा विचार कर, आणि मग त्यावर ३२० टाक.

हे फक्त माझं म्हणणं नाही. फोक्सवॅगनने स्वतः काय केलं ते बघ. २०१५ च्या पोलो जीटीआयमध्ये १.८ टीएसआय इंजिन होतं, १९२ पीएसचं. मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत तेच इंजिन ३२० न्यूटन-मीटर देत होतं आणि सात गिअरच्या डीएसजीसोबत २५०. ताकद मात्र दोन्हीकडे १९२ पीएसच. आपल्याकडे २०१६ मध्ये तीन दारांची जी मोजकी जीटीआय आली ती डीएसजीवालीच होती, म्हणून २५० ची. इंजिन ३२० देऊ शकतं हे ज्यांनी ते बनवलं त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी हात आखडला, तो गिअरबॉक्ससाठी.

मग पीएस तेवढेच कसे राहिले? हिशेब सोपा आहे. न्यूटन-मीटरला आरपीएमने (इंजिनचे मिनिटाला फेरे) गुण, ७,०२४ ने भाग, पीएस मिळतात. २५० न्यूटन-मीटर ५,४०० आरपीएमपर्यंत टिकवले की १९२. आता तुझ्या कोटेशनमधले ३२० हे १,८०० आरपीएमवर येतात असं धर: ८२ पीएस. डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर तिथे काहीच दिसत नाही, आलेखाची चढण नुकती सुरू झालेली असते. पण क्लच, गिअरचे दात आणि कनेक्टिंग रॉड यांना सगळ्यात मोठा दणका त्याच जागी बसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २५० हा तुटण्याचा आकडा नाही. लिफ्टमध्ये 'कमाल ८ व्यक्ती' अशी पाटी असते, म्हणून नववा शिरला की दोर तुटत नाही. कंपनीने तो आकडा लाखभर किलोमीटर, उन्हाळा, घाट, भरलेली गाडी आणि निष्काळजी ड्रायव्हर हे सगळं धरून लिहिलेला असतो. २८०–३०० वर चालणाऱ्या गाड्या आहेत, मीही पाहतो. त्यांचे मालक खोटं बोलत नाहीत. ते फक्त आत्तापर्यंतचं सांगतात.

आणि गिअरबॉक्स मोडतो तोही दरवेळी धडाम आवाज करून नाही. मध्यंतरी तुझ्यासारखीच एक गाडी माझ्याकडे लॉगिंगला, म्हणजे चालताना तिच्या संगणकातले आकडे नोंदवायला, आली. तिसरा गिअर, १,९०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला. इंजिनचा वेग आणि त्या क्लचच्या इनपुट शाफ्टचा वेग, या दोन रेघा आलेखावर एकमेकींना चिकटून चढायला हव्यात. २,१०० च्या आसपास इंजिनची रेघ सुटली आणि दीडशे-दोनशे आरपीएम वर तरंगत राहिली. क्लच घसरत होता. मालकाला पत्ताच नव्हता, "काय ओढते गाडी!" एवढंच त्याचं चाललं होतं. कारण मॅपच्या फाइलमध्ये निघालं. इंजिनचा संगणक, ईसीयू, आपण किती टॉर्क देतोय हे गिअरबॉक्सच्या संगणकाला, टीसीयूला, सतत कळवत असतो, आणि तेवढ्याच हिशेबाने टीसीयू क्लच दाबून धरतो. आकडा मोठा दिसला की टीसीयू टॉर्क कमी करायला सांगतो. ते टाळायला मॅप करणाऱ्याने कळवायचा आकडाच खाली ओढला होता. टीसीयूला वाटतंय २५०, क्लचवर येतायत ३०० च्या वर. तो बिचारा २५० ला पुरेल एवढंच धरणार.

मॅन्युअलवाले यावर हसतात. त्यांच्याकडे आधी क्लच घसरतो आणि वासाने कळतं, एवढाच फरक. जाड क्लच टाकला की पुढचा कच्चा दुवा आत सरकतो: गिअर, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट.

आता इंजिन. छोट्या टर्बो पेट्रोलचा खरा शत्रू लो-स्पीड प्री-इग्निशन, म्हणजे एलएसपीआय. कमी आरपीएम, भरपूर बूस्ट (टर्बोचा दाब), उंच गिअर. ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तडकते. म्हणूनच तेलांसाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाल. खंबाटकीत पाचव्या गिअरला १,६०० वर असताना पाय दाबू नकोस, खालचा गिअर घे. वरच्या टोकाला धोका वेगळा: रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,००० वरून ७,००० वर नेलंस तर ३६ टक्के जास्त. रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर आणि निघ.

तू टोयोटा सुप्राचं उदाहरण दिलंयस, स्टॉक इंजिनवर दुपटीने ताकद वगैरे. खरं आहे. पण ते २जेझेड-जीटीई म्हणजे तीन लिटर, रांगेत सहा सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंग, पिस्टनखाली तेलाचे फवारे. जपानी कंपन्यांच्या आपसातल्या समझोत्यामुळे तिथे कागदावर २८० पीएस. तीच गाडी अमेरिकेत ३२० एचपीची. शिल्लक आधीपासूनच होती, लोकांनी ती फक्त काढून घेतली. आणि त्या घराण्यातही गिअरबॉक्सचा भेद आहेच. टर्बो सुप्राला गेट्रागचा सहा गिअरचा व्ही१६०, तो दणकट. बिनटर्बोला डब्ल्यू५८, त्यावर टर्बो चढवणाऱ्यांना तो लवकरच खोलावा लागतो. तुझं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे आणि संगणकावर गणित करून हवं तेवढंच धातू ठेवलेलं. वाईट नाही, फक्त शिल्लक कमी.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं, पण मोजक्या पंपांवर. त्यावर बेतलेला मॅप घेऊन कोकणात उतरलीस तर तिथल्या पंपावर काय भरणार? ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मध्ये प्रति लिटर ऊर्जा ६–७ टक्के कमी, म्हणजे तेवढ्याच ताकदीला जास्त इंधन फवारावं लागतं. मॅपही जास्तच मागतो. दोन्ही मागण्या गाडीतल्या त्याच इंधनपंपावर आणि त्याच इंजेक्टरवर. वॉरंटीचं तर विचारूच नकोस: सर्व्हिस सेंटरने ईसीयू वाचला की टीडी१ चा (सॉफ्टवेअर बदलल्याच्या नोंदीचा) शिक्का बसतो आणि इंजिन-गिअरबॉक्सचा खर्च तुझ्या खिशातून.

तरीही तू करणारच, हे मला तुझ्या मेलच्या सुरावरून कळतंय. मग असं कर. मॅपवाल्याला सांग, २,५०० च्या खाली टॉर्क कंपनीइतकाच ठेव, वर २६०–२७० च्या पुढे जाऊ नकोस, आणि टीसीयूला खरा आकडा कळू दे. तुझा टर्बो छोटा आहे, वर दमतो. पण ५,२०० पर्यंत २४० जरी टिकले तरी १७५ च्या पुढे पीएस होतात. लाँच कंट्रोलची (जागेवरून झटक्यात सुटण्याच्या सोयीची) फरमाईश करू नकोस. तो जर म्हणाला की "एवढ्यात मजा नाही, टीसीयूचं मी बघून घेतो," तर पैसे देऊ नकोस.

आणि पैसे देण्याआधी स्टॉक गाडीचा लॉग काढ. घाटात नको, डायनोवर. तिसऱ्या गिअरला, दुपारी, इंजिन पूर्ण तापल्यावर. इंजिन आरपीएम, दोन्ही इनपुट शाफ्टचे वेग, क्लचचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, चारही सिलिंडरचं इग्निशन रिटार्ड (ठिणगी किती उशिरा पडते). एकामागोमाग तीन पुल (ॲक्सिलरेटर तळाला दाबून पूर्ण धाव) घे, मध्ये थंड होऊ देऊ नकोस. तिसऱ्यात टायमिंग किती मागे जातं ते मला बघायचंय. फाइल पाठव. स्क्रीनशॉट नको, सीएसव्ही, म्हणजे आकड्यांचा तक्ता, पाठव.

तुझा,
काका