ग्रो टेंटमधली मिरची: आधी हवा सांभाळा

पहिलाच ग्रो टेंट (घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा बंद तंबू) ना? मग खतांचं सध्या विसरा, हवेकडे बघा.

तापमान-आर्द्रता मोजायचा मीटर शेंड्यांच्या उंचीवर, पण सावलीत टांगा. मी तो थेट दिव्याखाली लटकवला होता. आकडा ३४ दाखवायचा आणि मी उगाच पंखे वाढवत बसायचो. दिवसा २२ ते २८ अंश, रात्री चार-पाच अंश कमी, एवढं मिरचीला पुरतं. आर्द्रता रोपं लहान असताना ६५-७० टक्के, फुलं धरली की ५०-६०.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- दिवा बंद झाला की एक्झॉस्टही (हवा बाहेर फेकणारा पंखा) बंद करणं. गार हवेत आर्द्रता झपकन चढते, बुरशी तेव्हाच धरते. हा पंखा रात्रीही मंद चालू द्या.
- पंख्याचा झोत थेट रोपावर. पानं नुसती हलली पाहिजेत, फडफडली नाही.
- हवेची वाट उलटी ठेवणं. गरम हवा वरून बाहेर, ताजी खालून आत यायला हवी. टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या तर खेच बरोबर आहे. फुगल्या तर नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दिवसभर थांबा. व्हीपीडीचे (तापमान आणि आर्द्रता मिळून हवा किती कोरडी आहे, याचे) तक्ते नंतर बघू.