रायफल एकदाच, काडतुसे दर महिन्याला

स. न. वि. वि.

आपण आकडे न लपवता दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. इतर वाचकांसाठी आपला प्रश्न थोडक्यात मांडतो. आपण मूळचे कोल्हापूरचे, सध्या न्यू जर्सीत राहता. ग्रीन कार्ड मिळाल्यावर एका सहकाऱ्याबरोबर .२२ रायफलीच्या मासिक स्पर्धेला जाऊ लागलात आणि वर्षभर त्याचीच रायफल वापरलीत. आता स्वतःची अचूक बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायची) रिमफायर रायफल घ्यायची आहे. त्यासाठी दुर्बिणीसकट १,००० डॉलर आपण मनाशी ठरवले होते, पण दुकानात १,१५० डॉलरची बर्गारा बी-१४ आर मनात भरली आणि दुकानदार तिच्यासाठी बारा महिन्यांची बिनव्याजी उधारी देऊ करतो आहे. याच कामाला ३८० डॉलरची रुगर अमेरिकन का चालणार नाही, असा पत्नीचा सवाल आहे. घरखर्च महिन्याला ३,८०० डॉलर, बचत खात्यात ६,०००, क्रेडिट कार्डावर २४ टक्के व्याजाने २,३०० डॉलरची थकबाकी, आणि सर्व भागवून महिन्याअखेरीस ७०० डॉलर उरतात.

रायफल घ्यावी, असेच माझे मत आहे. मात्र या महिन्यात नाही, आणि बर्गाराही नाही.

आधी कार्डाचे पाहू. २,३०० डॉलरवर २४ टक्के म्हणजे महिन्याला ४६ डॉलर व्याज. थकबाकी अशीच राहिली तर वर्षाला ५५२ डॉलर होतात, आणि आपल्याच यादीत टिका टी१एक्स ही उत्तम रायफल ५६० डॉलरला आहे. दरवर्षी एक रायफल आपण बँकेला भेट देत आहात, असेच म्हणा ना. महिन्याचे ७०० डॉलर पूर्णपणे कार्डाकडे वळवले, तर चौथ्या महिन्यात ते कोरे होऊन सुमारे ३९५ डॉलर हाती उरतील आणि पाचव्या महिन्याअखेरीस जवळपास १,१०० डॉलर रोख जमतील. बिनव्याजी उधारीचा करार मात्र बारकाईने वाचा. दुकानांच्या अशा पुष्कळ योजनांत व्याज माफ झालेले नसते, ते केवळ पुढे ढकललेले असते. मुदतीत एक डॉलर जरी बाकी राहिला तरी पहिल्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम अंगावर येते. ज्याच्या एका कार्डावर आधीच थकबाकी आहे, त्याने असे दुसरे ओझे घेऊ नये.

आता रायफलीकडे वळू. मी स्पर्धेतला नेमबाज नाही, कॉलेजात एनसीसीच्या .२२ डिलक्स रायफलीने मोजून मिळालेल्या गोळ्या झाडल्या, तेवढाच माझा अनुभव. परंतु या छंदाचे हिशेब मी अनेकांचे पाहिले आहेत आणि त्यांत एक गोष्ट हमखास आढळते: खरेदीच्या वेळी रायफलीची किंमत घासाघीस करून तोलली जाते आणि काडतुसांचा खर्च कागदावर येतच नाही. रिमफायर काडतुसात ठिणगी देणारे मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिनचा आघात त्या कडेवरच होतो. त्यामुळे सेंटरफायरचे (ज्यात ते मिश्रण तळाच्या मधोमध असते) नेमबाज वापरलेली पुंगळी घरी पुन्हा भरून जसे पैसे वाचवतात, तशी सोय येथे नाही. कारखान्यातून येईल तेच काडतूस घ्यावे लागते, आणि अचूकतेचा मोठा भाग त्या काडतुसाच्या सातत्यावर अवलंबून असतो.

आपण महिन्याला एक स्पर्धा आणि दोन सराव धरून ४०० गोळ्या लिहिल्या आहेत, म्हणजे पन्नासच्या आठ पेट्या, वर्षाला ९६. आपण दिलेल्या भावांप्रमाणे सीसीआय स्टँडर्ड काडतुसांचे पेटीला साडेपाच डॉलरने ५२८ डॉलर होतात, एसके स्टँडर्ड प्लस नऊ डॉलरने ८६४, आणि लापुआ सेंटर-एक्स सोळा डॉलरने १,५३६. मधला पर्याय धरून त्यात क्लबची २४० डॉलर वर्गणी आणि बारा स्पर्धांचे ३०० डॉलर मिळवले, तर वर्षाचा चालू खर्च १,४०४ डॉलर होतो. पाच वर्षांत तो सात हजारांच्या वर जातो. बर्गारा आणि मी पुढे सुचवतो ती ६२० डॉलरची सीझेड ४५७ व्हार्मिंट यांच्यातला फरक ५३० डॉलरचा आहे; त्यात एसकेच्या जवळजवळ ५९ पेट्या, म्हणजे सात महिन्यांचा सराव बसतो.

त्या ५३० डॉलरमधून आपल्याला मिळणार काय, हा खरा प्रश्न आहे. चांगले मानवलेले काडतूस असेल तर सीझेड किंवा टिका पन्नास यार्डांवर पाच गोळ्यांचे अर्ध्या इंचाच्या आसपासचे ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा फैलाव, देऊ शकते. आपले स्वतःचे ग्रुपिंग, आपणच लिहिल्याप्रमाणे, टेकूवरूनही एक इंचाचे आहे. शिवाय शंभर यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२२ च्या गोळीला सुमारे चार इंच ढकलतो, आणि पन्नास यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीची संथ गोळी तेथे पोहोचेपर्यंत सहा-सात इंच खाली येते. नळी कितीही महाग असली तरी वारा ओळखण्याचे काम ती करत नाही. बर्गारा उत्तम आहे, यात वाद नाही. पण आजच्या घडीला तिची अचूकता आणि सीझेडची अचूकता यांतला फरक आपल्या लक्ष्यावर दिसणार नाही.

मग रुगर का नको? पत्नींचा प्रश्न रास्त आहे, आणि केवळ डबे पाडायचे असते तर मी रुगरचीच शिफारस केली असती. परंतु आपण वर्षभर न चुकता स्पर्धेला गेला आहात, म्हणजे ही हौस चार दिवसांची नाही. अशी माणसे स्वस्त रायफलीला आधी नवा दस्ता, मग नवा चाप, मग नवी नळी बसवत जातात आणि शेवटी मधल्या रायफलीपेक्षा जास्त पैसे घालवून बसतात. सीझेडचा चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो आणि पुढे हवी तर नळीही बदलता येते. टिका वजनाने हलकी आहे. तिच्यात खोट नाही, पण अडथळ्यावर टेकवून नेम धरायच्या स्पर्धेत सीझेडची जाड नळी अधिक स्थिर राहते. म्हणून दोहोंत माझा कौल सीझेड व्हार्मिंटला. वापरलेली मिळाली तर आणखी चांगले. .२२ ची गोळी मऊ शिशाची आणि दाब कमी, त्यामुळे नळी झिजायला हजारो गोळ्या लागतात. नळीचे तोंड शाबूत आहे ना, एवढे जाणत्या मित्राकडून पाहून घ्या आणि व्यवहार परवानाधारक दुकानामार्फतच करा.

दुर्बिणीसाठी अडीचशे डॉलर ठेवा आणि घेताना तिचे पॅरलॅक्स पंचवीस ते पन्नास यार्डांपर्यंत खाली आणता येते का, हे विचारा. मोठ्या रायफलींच्या अनेक दुर्बिणी शंभर यार्डांसाठी बेतलेल्या असतात आणि जवळच्या लक्ष्यावर डोळा किंचित सरकला तरी नेम सरकतो. आपण पत्रात स्वप्नील कुसाळे यांच्या पॅरिसमधल्या कांस्यपदकाचा उल्लेख केला आहे. ती स्पर्धाही .२२ चीच, पन्नास मीटरची. पण तेथे दुर्बीण चालत नाही, आणि ती रायफल व तिचा खर्च वेगळ्याच जातीचे आहेत. त्या तुलनेने आपले अंदाजपत्रक फुगू देऊ नका.

राहिलेल्या रकमेतून एकाच जातीच्या दहा पेट्या न घेता पाच जातींच्या दोन-दोन पेट्या घ्या आणि एका निवांत, बिनवाऱ्याच्या सकाळी प्रत्येकीचे ग्रुपिंग कागदावर घ्या. रायफलीची काडतुसांबाबत आवडनिवड असते, आणि ती किमतीप्रमाणे चालतेच असे नाही. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्याच्या दोन खेपांतही, फरक पडतो. जो लॉट मानवेल त्याच्या पेट्या एकगठ्ठा घेण्याचा मोह होईल. पाच हजार गोळ्यांचे मोठे खोके घेतले तर नऊशे डॉलर एकदम जातात. आपत्कालीन निधी आज दोन महिन्यांच्याही खर्चाला पुरत नाही. तो तीन महिन्यांचा, म्हणजे ११,४०० डॉलरचा होईपर्यंत पाचशे गोळ्यांच्या खोक्यापलीकडे जाऊ नका, मग तो लॉट दुकानातून संपला तरी चालेल. सरावाला स्वस्त आणि स्पर्धेला महाग, अशी वाटणीही मी सुचवत नाही, कारण काडतूस बदलले की गोळी लागण्याची जागा बदलते आणि दर वेळी दुर्बीण नव्याने जुळवण्यात निम्मा सराव जातो.

आपल्या यादीत नसलेले दोन खर्च त्यात लिहा. घरात सहा वर्षांचे मूल आहे, तेव्हा कुलपाचे पोलादी कपाट रायफलीच्या आधी घरात आले पाहिजे. त्यासाठी दीडशे डॉलर वेगळे काढा, आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवा. रायफल, दुर्बीण आणि कपाट मिळून १,०२० डॉलर होतात. दुर्बीण बसवायच्या कड्या आणि चाचणीच्या पेट्या धरल्या की पाचव्या महिन्याचे १,१०० डॉलर पुरणार नाहीत. रायफल वापरलेली मिळाली नाही, तर सरळ सहावा महिना धरा. दुसरा खर्च वेळेचा आहे: न्यू जर्सीत रायफल घेण्यापूर्वी स्थानिक पोलिसांकडून फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढावे लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी फिटेपर्यंतच्या चार महिन्यांत तो अर्ज करून टाका.

एक गोष्ट पैशांची नाही, तरी लिहिणे भाग आहे. आपण ग्रीन कार्डधारक आहात, म्हणून आपल्याला रायफल बाळगता येते. आपला मावसभाऊ एच-१बी वर आहे आणि त्यालाही रेंजवर न्यायचा बेत आहे, असे आपण सहज लिहून गेलात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद. दुसऱ्याची रायफल घटकाभर हातात घेणे हेही बाळगणे ठरू शकते. वकिलाला विचारल्याशिवाय त्याला नेऊ नका, आणि रायफल असलेल्या कपाटाची किल्लीही त्याच्या हाती देऊ नका.

रायफल घरी आली की पावती, सिरियल क्रमांक आणि छायाचित्र विमा कंपनीला कळवा. घराच्या विम्यात चोरीला गेलेल्या बंदुकांसाठी बहुधा वेगळी कमाल मर्यादा असते. आपल्या पॉलिसीत ती किती आहे, हे खरेदीच्या आधीच पाहून ठेवा.

कळावे.