कोल्हापुरात फिलर-बोटॉक्स कुणाकडून करून घ्यावं?
लग्न दोन महिन्यांवर आलंय, पार्लरवाल्या ओठांचं फिलर, म्हणजे ओठ भरीव करायचं इंजेक्शन, स्वस्तात करून देतो म्हणायल्यात, करू का, असं विचारलंयस. नको गं! पार्लर फेशियलला ठीक, सुईला नाही. एमडी झालेला स्किनचा डॉक्टर नाहीतर एमसीएच प्लास्टिक सर्जन बघ, राजारामपुरी-शाहूपुरीकडं चौकशी केलीस तरी मिळतील, त्यासाठी पुण्याला पळायला नको, फक्त महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून रजिस्ट्रेशन चेक कर, भिंतीवरच्या कॉस्मेटॉलॉजीच्या सर्टिफिकिटांच्या फ्रेमा बघून हुरळू नकोस.

भेटल्यावर सरळ विचार, फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर काय करणार? हायलुरोनिडेज नावाचं औषध क्लिनिकमध्येच ठेवलंय म्हणाले तर बरं, त्यानं हायलुरोनिक ॲसिडचं फिलर विरघळतं. 'तसलं काय होत नाही ओ' म्हणाले की चप्पल घाल नि बाहेर पड, कारण क्वचित का होईना, डोळ्यांची नजर जाऊ शकते.

फिलरचा सीलबंद बॉक्स तुझ्यासमोरच फोडायला लाव, बॅच नंबर नि एक्स्पायरीचा फोटो काढ. बोटॉक्स, म्हणजे सुरकुत्या कमी करायचं इंजेक्शन, तेही करणार असशील तर असर पूर्ण दिसायला 2 आठवडे जातात, टिकतो 3-4 महिने. करायचंच तर लग्नाआधी महिनाभर तरी उरकून घे, हळदीला सुजलेले ओठ कशाला.