इस्लाममध्ये अकीदा, म्हणजे श्रद्धेची मूळ तत्त्वं, फक्त कुराण-हदीसवर उभा असतो का? अकलेला काही जागा आहे का?

आहे, आणि सुरुवातच तिथून होते. "दीनमध्ये (धर्मात) अक्कल चालवायची नाही" हे मी आयुष्यभर ऐकत आलेय, म्हणून तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

माझं माहेर मिरजेकडचं, हनफी. सासर रत्नागिरीचं, शाफई. हे दोन्ही सुन्नींमधले फिकहचे, म्हणजे धर्मकायद्याचे पंथ. वडील मदरशात शिकवायचे. एका रमजानात इफ्तारला सगळे बसलो असताना माझ्या मुलीनं, ती तेव्हा आठवीत होती, विचारलं, "अल्लाह आहे हे कुराणात आहे म्हणून मानायचं, तर कुराण अल्लाहचं आहे हे कशावरून मानायचं? तेही कुराणात आहे म्हणून?" माझ्या मोठ्या दिरांनी हातातली खजूर बशीत ठेवली. "तोबा कर. असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो." पोर रडकुंडीला आली. वर मला ऐकवलं, "आईनंच लाडावून ठेवलंय."

वडिलांची 'शर्हे अकाईद', म्हणजे अकीद्यावरचं जुनं पाठ्यपुस्तक, माझ्याकडे आहे. मूळ मजकूर समरकंदच्या नसफींचा (निधन 1142), त्यावर भाष्य तफ्ताझानींचं. दर्से निजामीत, म्हणजे आपल्याकडच्या मदरशांच्या अभ्यासक्रमात, हे पुस्तक शिकवतात, म्हणजे दीर ऊठसूट ज्या मौलानांचा हवाला देतात त्यांनीही ते वाचलेलं असणार. त्यात सुरुवातीलाच सांगितलंय की माणसाला ज्ञान तीन वाटांनी मिळतं: धडधाकट इंद्रियं, खरी खबर आणि अक्कल. अकलेचं उदाहरणही दिलंय, की पूर्ण वस्तू तिच्या तुकड्यापेक्षा मोठी असते, हे विचार न करताही कळतं. आणि पैगंबरांची खबर? ती मोजिजाच्या, म्हणजे पैगंबरांच्या चमत्काराच्या, आधारावर मानायची, आणि तिच्यातून येणारं ज्ञान 'इस्तिदलाली', म्हणजे पुराव्यावरून विचार करून मिळालेलं. माझ्या मुलीला हवं होतं ते उत्तर त्या पानांवर शेकडो वर्षं छापलेलं, लिहिलेलं पडलंय. कलामच्या, म्हणजे युक्तिवादानं अकीदा मांडणाऱ्या शास्त्राच्या, उलेमांचं (विद्वानांचं) म्हणणं असं की अल्लाह आहे, तो जाणतो, पैगंबर पाठवू शकतो, इथवर अकलेनं जायचं. कयामत, फरिश्ते, जन्नत-जहन्नम यांचा तपशील नकलेतून, म्हणजे कुराण-हदीसमधून घ्यायचा.

हे दिरांना दाखवलं तर म्हणाले, "ते तुमचं मातुरीदी. आम्ही शाफई, अशअरी." मातुरीदी आणि अशअरी या कलामच्या दोन सुन्नी परंपरा; हनफी बहुधा पहिलीतले, शाफई बहुधा दुसरीतले. फरक आहे, नाही असं नाही. ज्याच्यापर्यंत पैगंबराचा निरोप पोचलाच नाही त्यानंही अकलेनं अल्लाहला ओळखलं पाहिजे, असं मातुरीदींपैकी बरेच मानतात. अशअरी सूरह इस्राची 15 वी आयत पुढे करतात, रसूल (पैगंबर) पाठवल्याशिवाय आम्ही अजाब (शिक्षा) देत नाही. पण इमाम गझाली कोण होते? शाफईच, अशअरीच. त्यांनी 'अल-इक्तिसाद' या पुस्तकात अकलेला निरोगी डोळा आणि कुराणाला सूर्य म्हटलंय, आणि कुराण पुरे म्हणून अक्कल टाकणारा हा उन्हात डोळे मिटून बसलेल्यासारखा आहे, असंही. यावर दिरांनी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. बरेच हंबली (हाही फिकहचा एक सुन्नी पंथ) आणि आपल्याकडचे अहले हदीस, म्हणजे कोणताही पंथ न धरता थेट कुराण-हदीसवर चालणारे, कलामच मानत नाहीत. हंबली विद्वान इब्न तैमियांनी तर त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, की शुद्ध अक्कल आणि खरी नक्कल (कुराण-हदीसमधून आलेलं) यांत भांडण होतच नाही. अकलेचा झेंडा मिरवणाऱ्यांनीही जुलूम केलेत. 833 मध्ये खलीफा मामूननं कुराण मख्लूक (निर्माण केलेलं) आहे हे मुअतझिलांचं, म्हणजे अकलेवर सगळ्यात जास्त भर देणाऱ्या गटाचं, मत उलेमांकडून जबरदस्तीनं कबूल करून घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे इमाम अहमद बिन हंबलना त्यापायी फटके खावे लागले. आणि फज्रच्या (पहाटेच्या) फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजला दोनच रकात (नमाजची आवर्तनं) का, हे अक्कल लढवून निघणार नाही, ते जसं आलंय तसंच घ्यायचं. शियांचं वेगळं आहे, त्यावर त्यांच्यातल्याच कुणी लिहावं.

तुमच्या घरात मूल असेल आणि त्यानं असा प्रश्न विचारला तर तोबा करायला लावू नका. उत्तर येत नसेल तर आलिमकडे (धर्माच्या जाणकाराकडे) न्या, आणि तो ओरडला तर दुसऱ्याकडे न्या. माझ्या मुलीचे प्रश्न थांबलेले नाहीत आणि नमाजही सुटलेली नाही. ज्यांना तेव्हा तिच्या ईमानची काळजी वाटली होती, त्यांनी येऊन बघावं.