ठसा खरा, भांडं परकं

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चांदीच्या कॉफीपॉटचे आणि त्यावरच्या शुद्धतेच्या ठशांचे फोटो पाहिले. चालता सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं डोकं, १७३० च्या दशकातलं लंडनचं वर्षाक्षर (वर्ष सांगणारं अक्षर), कारागिराची अक्षरं. ‘ठशांच्या तक्त्याशी सगळं जुळलं’ असं लिहिलंस. जुळणारच. बनावट करणाऱ्याकडेही तोच तक्ता असतो.

मला खटकतंय ते वेगळंच. चारही ठसे बुडाच्या मधोमध, जेमतेम रुपयाएवढ्या जागेत दाटीवाटीनं बसलेत. बुडावर तोंडाची वाफ सोड आणि तिरप्या उजेडात धर. दुसऱ्या वस्तूवरची ठशांची चकती कापून इथे झाळून बसवली असेल, तर वाफ विरताना तिच्या कडेची रेघ क्षणभर दिसते.

दिसली तरी लगेच मोडीत काढू नकोस. इंग्लंडमध्ये १७२० पासून चांदीच्या भांड्यांवर औंसाला सहा पेन्स कर होता. मग चांगले नावाजलेले कारागीरही एखाद्या लहानशा वस्तूवर ठसे मारून घेत, कर तेवढ्यापुरता भरत आणि तो तुकडा जड भांड्याच्या बुडात झाळत. कर १७५८ मध्ये उठला. म्हणजे तुझं भांडं त्याच काळातलं, त्याच हातचंही असू शकेल. पण ते ठरवायचं तू किंवा मी नाही. हे ठसे जिथे मारतात त्या लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलच्या तज्ज्ञांना दाखव, आणि तोवर विकायला काढू नकोस.

नंतरच्या भांड्यांना एक सोपी कसोटी आहे. १७८४ च्या डिसेंबरात कर परत आला आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाचं डोकं उमटू लागलं. अक्षर १७७५ चं आणि शेजारी राजा दिसला, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पड.

(खोट्या ठशाला तिथे एके काळी फाशी होती. १७७३ मध्ये ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली. तरी धंदा काही थांबला नाही.)

मी स्वतः फसलो तो चमच्यांत. सहा चमच्यांचा संच घेतला. ठसे लख्ख, तक्त्याबरहुकूम. घरी आल्यावर ओळीनं मांडले, तर सहाही सिंहांच्या पाठीवर तोच ओरखडा, ठशांमधलं अंतर केसभरही कमी-जास्त नाही. हातानं मारलेले ठसे असे पडत नाहीत. एका अस्सल चमच्याचा साचा काढून सहा ओतले होते. दुकानात मी प्रत्येक चमचा तक्त्याशी ताडला होता, चमच्याशी चमचा नव्हे.

वाफेचा फोटो काही निघत नाही, तेव्हा काय दिसलं ते लिहूनच कळव. झाकणाच्या आत ठसे आहेत का, तेही बघ.