अमेरिकेतला फेडरल (केंद्रीय) अपील कोर्टाचा जज सुप्रीम कोर्टात पोचला नाही, तर त्याची कारकीर्द अपुरी राहिली म्हणायची का?

मुळीच नाही. लर्नेड हँड या जजचंच बघा. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या जिल्हा कोर्टावर नेमलं आणि १९२४ मध्ये कूलिज यांनी सेकंड सर्किटच्या, म्हणजे न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागाच्या फेडरल अपील कोर्टावर. सुप्रीम कोर्टासाठी नाव निघायचं, नेमणूक कधीच झाली नाही.

तरी त्यांचा १९४७ चा एक निकाल तिथले कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. जानेवारी १९४४, न्यूयॉर्क बंदर. पिठानं भरलेलं 'अ‍ॅना सी' नावाचं बार्ज (सपाट तळाची मालवाहू नाव) सुटून वाहत गेलं, एका टँकर जहाजाच्या पंख्यानं त्याच्या तळाजवळ भोक पडलं. पंप असलेले टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी) जवळच होते, पण पाणी शिरतंय हे सांगणार कोण? बार्जवरचा माणूस एकवीस तास जागेवर नव्हता. बार्ज बुडालं. हँड यांनी हिशेब मांडला: नुकसानीची शक्यता गुणिले नुकसान, हे खबरदारीच्या खर्चापेक्षा जास्त असेल आणि तरी खबरदारी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणा. इतकी साधी, कोणालाही पटेल अशी कसोटी मला दुसरी माहीत नाही.

आणि एक लक्षात घ्या, सुप्रीम कोर्ट फार थोडी प्रकरणं ऐकायला घेतं. बहुतेक पक्षकारांसाठी अपील कोर्टाचाच शब्द शेवटचा ठरतो. नेमणूक तहहयात असते. हँड १९५१ मध्ये नियमित कामातून मोकळे झाले, पण १९६१ मध्ये वारले तोवर खटले ऐकतच होते.