पायोरिया ऑपरेशनशिवाय बरा होतो का? डॉक्टर डीप क्लीनिंग करा म्हणतात, पण त्याने दात हलायला लागतात ना?

बऱ्याचदा आटोक्यात येतो. हिरडी आणि दातामधली फट ४-५ मिलिमीटर असेल तर सहसा डीप क्लीनिंगवर भागतं. हिरडी बधिर करून मुळावरचं किटण खरवडतात. दात त्याने हलत नाहीत हो. ते आधीच सैल झालेले असतात, किटणाच्या थराने घट्ट वाटतात इतकंच. सूज उतरली की दोन दातांमधल्या फटी दिसतात, गार पाणी काही दिवस झिणझिणतं. झिजलेलं हाड मात्र सहसा भरून येत नाही. दीड-दोन महिन्यांनी हिरडीजवळची फट पुन्हा मोजून घ्या. तरीही खोल असेल आणि रक्त येत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार. मशेरी-तंबाखू चालू ठेवणार असाल तर पैसे पाण्यात. आणि मधुमेह असल्यास साखर सांभाळा.